हवा कोणीकडची?

मॅडिसन शहरात मेंडोटा तळ्याच्या उत्तर काठावर सरकारी मनोरुग्णालय आहे. त्याच्या आवारातल्या हिरवळीत मातीचं एक हरीण आहे. हजारेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी माती वाहून आणून ते उठवलं. जवळच पंख पसरलेला मातीचा पक्षी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ६२४ फूट. बघायला येणारे पक्ष्याकडे जातात, मी हरणापाशी थांबते. विस्कॉन्सिनमधल्या अशा उंचवट्यांत बहुतेक जनावरं कुशीवर निजल्यासारखी, दोनच पाय दिसतील अशी घडवलेली आहेत. या हरणाचे मात्र चारही पाय दाखवले आहेत. ज्याने ते घडवलं त्याने चालतं हरीण फार जवळून पाहिलं असणार, असं मला दर वेळी वाटतं.

हे उंचवटे साधारण इ.स. ७०० ते ११०० या काळातले. धनुष्यबाण या भागात रुळला तोही याच सुमाराचा. त्याआधी काठीच्या आधाराने भाला फेकत. भाला फेकायला हात मागे न्यावा लागतो, पाऊल पुढे टाकावं लागतं. धनुष्य झाडाआड उभं राहून, गुडघ्यावर बसून, जवळजवळ न हलता ताणता येतं. त्या एका बदलाने माणूस हरणाजवळ चारही पाय दिसतील इतका पोचला असेल.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. बाबूजी वनरक्षक होते, नागझिऱ्याच्या जंगलात. चोवीस वर्षं मी इथे मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते आहे, आणि गेली आठ वर्षं सप्टेंबरपासून धनुष्य घेऊन रानात जाते आहे. ज्या माणसाने आयुष्यभर शिकारी पकडले त्याची मुलगी शिकार करते, ही गोष्ट सांगायला मला तीन वर्षं लागली. त्याबद्दल पुढे सांगेन.

आधी अंतराचं सांगते, कारण सगळं त्यातून निघतं. बंदुकीची गोळी दोनशे यार्डांवरचं हरीण पाडते. माझा बाण मी वीस यार्डांच्या पुढे सोडत नाही. म्हणजे साठ फूट. तेवढं अंतर कापायला बाणाला सेकंदाचा साधारण चौथा हिस्सा लागतो, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात पोचलेला असतो. हरीण सावध असलं तर उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. तेव्हा ते वीस यार्डांवर यायला हवं, आणि निर्धास्त यायला हवं. आपण चालत त्याच्याजवळ गेलो तर हे जवळजवळ कधीच साधत नाही. ते जिथे येणार तिथे आपण आधी जाऊन बसावं लागतं. धनुष्याच्या शिकारीचा सगळा इतिहास मला या एका अडचणीचा इतिहास वाटतो. कुठे बसायचं, केव्हा बसायचं, आणि केव्हा मुळीच जायचं नाही.

या प्रश्नाला सर्वांत भव्य उत्तर दिलं ते वेंडॅट या उत्तर अमेरिकेतल्या मूळ लोकांनी. १६१५ च्या ऑक्टोबरात फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शांप्लेन त्यांच्याबरोबर आजच्या ऑन्टॅरिओच्या पूर्व भागात होता. एक चढाई फसली होती, शांप्लेन जखमी झाला होता, आणि घरी परतायला पाणी गोठण्याची वाट पाहणं भाग होतं. त्या मुक्कामात पंचवीस माणसांनी दहाएक दिवसांत रानात लाकडी कुंपण उभं केलं. आठ-नऊ फूट उंचीचे खांब, दोन्ही बाजू दीडेक हजार पावलं लांब, एकमेकींकडे निमुळत्या होत गेलेल्या, आणि टोकाला पाच फुटांची फट. तिच्यापलीकडे बंदिस्त आवार. पहाटेच्या आधी माणसं दूरवर पांगायची आणि लांडग्यांसारखं ओरडत, काठ्या वाजवत हरणं त्या निमुळत्या तोंडाकडे आणायची. आपल्याकडे याला हाकारा म्हणतात. ३८ दिवसांत त्यांनी १२० हरणं मिळवली. चरबी हिवाळ्यासाठी साठवली, कातड्यांचे कपडे झाले.

शांप्लेनच्या नोंदीप्रमाणे हा मुक्काम २८ ऑक्टोबर ते ४ डिसेंबर असा होता. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कॅलेंडर काढलं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माजाचा काळ नेमका हाच. दिवस लहान होत जातात तसा नरांच्या अंगात बदल होत जातो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तो शिगेला पोचतो. गाभण राहिलेल्या माद्या साधारण दोनशे दिवसांनी, मेअखेर किंवा जूनमध्ये, कोवळं गवत असताना वितात. एरवी दिवसा न दिसणारा नर या तीन-चार आठवड्यांत भर दुपारी मादीच्या मागावर चालत सुटतो. वेंडॅट लोक पाणी गोठायची वाट पाहत होते हे खरं, पण त्या मधल्या दिवसांत काय करायचं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत हे ज्ञान असलेल्या लोकांकडून रान गेलं. मी जिथे शिकार करते तो सॉक परगणा हो-चंक लोकांचा. १८३७ च्या ज्या कराराने त्यांची विस्कॉन्सिनमधली जमीन गेली त्यावर सही करणाऱ्यांना जमीन विकण्याचा अधिकार नव्हता. निघून जायला आठ वर्षं मिळतील असं त्यांना तोंडी सांगितलं, कागदावर आठ महिने होते. त्यांना पुन्हापुन्हा हाकललं गेलं आणि ते पुन्हापुन्हा परत आले, आजही इथे आहेत. त्यांच्या जागी रेल्वे आली, आणि रेल्वेबरोबर शहरांच्या बाजारासाठी मांस पुरवणारे शिकारी आले. त्यांना केव्हा आणि कुठे या प्रश्नाशी देणंघेणं नव्हतं. वर्षभर, रात्री दिव्याच्या उजेडात, बर्फात अडकलेली, गाभण, जी सापडेल ती हरणं त्यांनी मारली. विसावं शतक उजाडलं तेव्हा साऱ्या अमेरिकेत या हरणांची संख्या पाच लाखांच्या आत आली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहे.

मधल्या काळात कायद्याने हरणासाठी वेळ राखून ठेवली. विस्कॉन्सिनने १८५१ मध्येच १ फेब्रुवारी ते १ जुलै शिकार बंद ठेवण्याचा नियम केला होता. तो पाळून घेणारं कुणी नव्हतं. १८९७ मध्ये परवाना आला. १९०० मध्ये देशभर लागू झालेल्या लेसी कायद्याने चोरून मारलेल्या जनावराचं मांस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं गुन्हा ठरवलं, आणि बाजारासाठी मारणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. बंदी, मोसम, परवाना हे रुक्ष शब्द. मला ते तसे वाटत नाहीत. आता नाही, इथे नाही, हे सांगणारं कुणीतरी पुन्हा उभं राहिलं होतं.

धनुष्य परत आलं ते मात्र दुसऱ्याच वाटेने. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ युद्धानंतर धनुष्य घेऊन फ्लोरिडाच्या दलदलीत राहिले. मॉरिसचं ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक १८७८ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. पण ती आवड बरीचशी हिरवळीवरच्या निशाण्यांपुरती राहिली. तिला रानात नेलं इशीने.

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. बाकीच्यांची कत्तल झाली होती किंवा ते लपून राहताना संपले होते. त्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. इशी म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. सॅक्सटन पोप त्याच्यावर उपचार करायचे. त्यांनी त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतलं. इशी ज्या हरणांमागे जायचा ती पश्चिमेकडची काळ्या शेपटीची, पण पोप यांनी लिहून ठेवलेली त्याची तयारी इथल्या कुठल्याही शिकाऱ्याला ओळखीची वाटेल. आदल्या दिवशी मासे नाहीत, तंबाखू नाही. पहाटे ओढ्यावर अंघोळ, अंगाला वासाची पानं चोळायची, न्याहारी नाही. म्हणजे हरणाला वाऱ्यावर आपला वास येऊ नये. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांचं ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ १९२३ मध्ये आलं. त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी अलास्कातल्या शिकारीवर चित्रपट काढला, तो डेट्रॉइटमध्ये पाहून फ्रेड बेअर नावाचा तरुण या नादाला लागला आणि पुढे त्याने मिशिगनमधल्या ग्रेलिंगला धनुष्यांचा कारखाना काढला. आज अमेरिकेत लाखो लोक धनुष्य घेऊन रानात जातात. ते ज्या साखळीतून शिकले तिचं पहिलं टोक सगळी माणसं मारली गेलेल्या एका माणसाच्या हातात होतं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

विस्कॉन्सिनमध्ये रसीन गावच्या रॉय केस यांनी १९३० मध्ये बंदुकीच्या मोसमात धनुष्याने हरीण मारून दाखवलं. १९३४ मध्ये राज्याने सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत फक्त धनुष्याचा मोसम ठेवला. मूठभर लोक गेले. नोंद झाली ती एका हरणाची. एका! मला या आकड्याचं मोठं अप्रूप आहे. धनुष्याला वेगळा मोसम देणं परवडतं, हे त्या एका आकड्याने सरकारला पटलं असावं.

याच सॉक परगण्यात, विस्कॉन्सिन नदीकाठी, आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये एक निकामी झालेलं शेत घेतलं. त्यावर उभी इमारत म्हणजे कोंबड्यांचं एक खुराडं. निसर्गलेखक आणि वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक म्हणून ते जगाला माहीत आहेत. धनुष्यं ते स्वतः घडवत, आणि त्यांच्या पत्नी एस्टेला धनुर्विद्येत राज्यातल्या स्त्रियांमध्ये विजेत्या होत्या, हे कमी जणांना ठाऊक असतं. शेत घेताना धनुष्याच्या मोसमात मुक्कामाला जागा हवी, हाही विचार होता. तिथे त्यांनी जे केलं ते माझ्या दृष्टीने शिकारीहून मोठं. कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी आला, याच्या तारखा ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. सॉक आणि डेन परगण्यांच्या १९३५ ते १९४५ या दहा वर्षांच्या नोंदी १९४७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापल्या गेल्या. ‘केव्हा’ या प्रश्नाचा इतका धीराने घेतलेला शोध मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्या मतासाठी त्यांनी लोकांचा रागही सोसला. १९१५ पासून राज्यात फक्त नर मारायचा नियम होता. हरणं इतकी वाढली की उत्तरेकडच्या रानात कोवळं झाड उरेना आणि हिवाळ्यात ती भुकेने मरू लागली. लिओपोल्ड राज्याच्या आयोगावर होते. माद्याही मारायला हव्यात असं ते म्हणाले. १९४३ च्या मोसमात तशी मुभा दिली गेली, सव्वा लाखाहून जास्त हरणं पडली आणि लोक खवळले. लिओपोल्ड यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण पाडसाला पाजणारी मादी मारू नये हे ज्यांच्या बापाने शिकवलं होतं, त्यांच्या संतापालाही मी खोटं म्हणणार नाही.

कप्पीच्या धनुष्याचं थोडक्यात सांगते. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचं पेटंट १९६९ च्या डिसेंबरात मिळालं. टोकांना चाकं बसवल्याने पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो. ५० पौंडांचं माझं धनुष्य ताणून धरताना जेमतेम १० पौंड जाणवतात, म्हणून माझ्यासारख्या पंचावन्न वर्षांच्या बाईला ते धरून मिनिटभर थांबता येतं. पण त्याने बाणाचा पल्ला वाढला तरी हरणाचं नाक काही बदललं नाही.

नाक म्हटलं की बाबूजी. मोहाचा मोसम आला की ते म्हणायचे, ‘मोह पडला का चितळ कुठं भेटन ते सांगायला पंचांग नाही लागत.’ मार्च-एप्रिलच्या पहाटे फुलं टपटपायची आणि चितळं झाडाखाली हजर. ‘चोर शिकारी अन् मी एकाच झाडापाशी बसायचो. तो चितळाची वाट पाहायचा, मी त्याची.’ दोघंही वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एकदा वैशाखी पौर्णिमेला, पाणवठ्यावरच्या प्रगणनेसाठी, ते मला मचाणावर घेऊन गेले. मी दहा वर्षांची असेन. चढण्याआधी त्यांनी मूठभर बारीक धूळ हवेत सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं, आणि आम्ही ते मचाण सोडून दुसऱ्यावर गेलो. रात्रभर पाण्यावर रानगवे, अस्वल, सांबर. मला त्या रात्रीतलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते चांदण्यात वाहून गेलेली धूळ.

इथे मोहाच्या जागी ओक आहे. पांढऱ्या ओकची फळं एकाच वर्षात पिकतात आणि त्यांत तुरटपणा कमी, म्हणून हरणं लाल ओक सोडून आधी तिकडे जातात. काही वर्षं झाड लगडतं, काही वर्षं रिकामं. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला मी दुर्बीण घेऊन फांद्या बघत फिरते. ज्या शेतकरी कुटुंबाने मला परवानगी दिली आहे त्यांच्याकडे खाली मका आणि लसूणघास आहे, वर टेकडीवर ओकचं रान, मधून ओढा जातो. हरणं दिवसा टेकडीच्या काठावर रवंथ करत बसतात आणि संध्याकाळी खाली उतरतात. ओढ्याची दरड दोन्हीकडे उभी असल्याने उतारासाठी एकच खिंड आहे. वेंडॅट लोकांना कुंपण घालावं लागलं, मला ते आयतं मिळालं आहे. पण तिथे संध्याकाळी बसायचं तर जपून. ऊन चढतं तशी हवा उतारावरून वर जाते, आणि सावली पडली की गार होऊन ओढ्याकडे उतरते. सकाळी जे मचाण बिनधोक, तेच संध्याकाळी आपला वास थेट खिंडीत पोचवतं.

हे माहीत असूनही तिसऱ्या वर्षी मी चुकले. आठवड्यात तेवढा शनिवारच मोकळा होता, उकाडा होता, वारा चुकीचा होता, तरी गेले. एक मादी दोन पाडसांसह आली, चाळीस पावलांवर थांबली, पुढचा पाय आपटला, नाकातून जोरात फुरफुरली आणि पांढरी शेपटी उभारून गेली. त्यानंतर तीन आठवडे त्या खिंडीत माग दिसला नाही. हरणाच्या हंगामाशी माझ्या सुट्टीचा काही संबंध नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिलं हरीण मिळालं ते चौथ्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मादी होती, एकटी. बाण लागल्यावर मी ठरल्याप्रमाणे अर्धा तास जागची हलले नाही, मग रक्ताच्या मागावरून गेले. आमच्या भागात २००२ पासून हरणांमध्ये मेंदू पोखरणारा रोग आहे, म्हणून नमुना तपासायला दिला आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवलं. त्या रात्री साकोलीला फोन लावला.

बाबूजी काहीच बोलले नाहीत. मी सगळं सांगितलं. परवाना, मोसम, मादीच का. धनुष्यांवर ११ टक्के कर आहे, तो वन्यजीवांच्या कामाकडे जातो. बंदुकांवर तो १९३७ पासून होता, धनुष्यांवर तो लावायचा कायदा १९७२ मध्ये झाला. ‘बहात्तर,’ ते म्हणाले. आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच सालचा. त्या कायद्याच्या आधारावर त्यांनी नोकरी केली होती. पुन्हा शांतता. मग विचारलं, ‘जखमी होऊन गेलं नाही ना?’

‘नाही बाबूजी. सत्तर पावलांवर पडलं.’

‘हवा कोणीकडची होती?’

‘वायव्येची.’

‘मंग बरोबर बसली तू.’

त्यांना ते आवडलं असं मी म्हणणार नाही. घरी गेले की ते या विषयावर बोलत नाहीत. पण दर रविवारी फोनवर माझी वही वाचायला लावतात. तारीख, हवा, जागा, काय दिसलं. नोकरीत असताना त्यांची रोजनामचा लिहायची पद्धत अशीच होती. आता डोळ्यांना दिसत नाही, ऐकतात.

मागच्या रविवारी वाचलं : ‘६ नोव्हेंबर. हवा आग्नेयेची, संध्याकाळी पडली नाही. खिंडीत जायचं होतं. गेले नाही. वरच्या रस्त्यावरून दुर्बिणीने पाहिलं. मादी आणि दोन पाडसं खिंडीतून मक्यात उतरली.’

‘डावा कान फाटलेली का?’

‘तीच.’

‘किती वाजता?’

मी पुन्हा वहीत पाहिलं. ‘चार वीसला.’

‘मागच्या खेपेस साडेचार होते,’ बाबूजी म्हणाले.